मन गप्प बसतच नाही, मग ध्यान कसं करू?

प्रश्न: ताई, मी नाशिकला पंचवटीत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. दोन मुलं आहेत आणि सासूबाई, त्या रोज सकाळी माळ घेऊन जप करतात. मी मोबाईलवर ध्यानाचं ॲप टाकलंय, दहा मिनिटं बसते पण डोळे मिटले की जास्तच विचार, डब्याला काय, जीएसटीचं रिटर्न राहिलंय, मुलाची फी... मग चिडचिड होते आणि उठून जाते. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जायला तर दहा दिवस सुट्टीच मिळत नाही. मला हे जमणारच नाही का?

उत्तर: अगं जमतंय तुला, तुलाच ते कळत नाहीये. 'अरे, मी तर रिटर्नमध्ये जाऊन बसले' हे जेव्हा लक्षात येतं ना, तोच ध्यानाचा क्षण, तिथून फक्त श्वासाकडे परत यायचं, पन्नास वेळा गेलं मन तर पन्नास वेळा परत यायचं. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात पण पहिले तीन दिवस नुसतं आनापानच असतं, म्हणजे नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा बघायचा, मुद्दाम ओढायचा नाही. तिथं लोक पहाटे चारला उठून, मौन पाळून बसतात तरी मन पळतंच, मग तू कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसतेस तर पळणारच की.

आणि बसूनच करायचं असं कुणी सांगितलं? द्वारका चौकात रोज अडकतेस ना, गाडी थांबली की दोन्ही पाय जमिनीवर टेकव, हँडलवरची पकड ढिली कर आणि श्वास घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड, असं तीनदा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे. डोळे मात्र उघडे, कानात ॲप नको.

1979 साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी ध्यानाचा कोर्स सुरू केला, त्यात एक मनुका सावकाश खायला देतात. आपण तर द्राक्षांच्या गावचे! एकच द्राक्ष घे, त्याच्यावरची पांढुरकी झाक बघ, बोटाने पुसली की खाली कसं चकचकीत हिरवं दिसतं ते बघ, मग दाताखाली साल फुटते तेव्हा आधी आंबट लागतं का गोड ते बघ. झालं, दोन मिनिटांचं ध्यान. मला स्वतःला बसण्यापेक्षा हे जास्त आवडतं.

एक मात्र मनापासून सांगते, झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, रडू थांबत नसेल किंवा डोळे मिटून बसलं की भीती वाढत असेल तर बसणं थांबव आणि आधी डॉक्टरांना दाखव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी ॲप राहू दे बाजूला. सासूबाई जपाला बसल्या की पाच मिनिटं तूही त्यांच्या शेजारी बस, त्यांनाही बरं वाटेल, आणि मुलांना सांगून ठेव की आई आणि आजी बसल्या असताना हाक मारायची नाही.