मेंटेनन्स २,२०० की ६,८००? आकड्यावर जाऊ नका, बॅलन्सशीट मागा

तुमचा प्रश्न असा की पुण्यात कोथरूडला २००४ च्या बिल्डिंगमधला रीसेल टू बीएचके बघितलाय, २४ फ्लॅटची सोसायटी, मेंटेनन्स २,२००, आणि दुसरा वाकडला तीनशेएक फ्लॅटच्या कॉम्प्लेक्समध्ये, तिथे ६,८००. किंमत उन्नीस-बीस. मग महिन्याचे ४,६०० वाचतात म्हणून कोथरूड घ्यावं का? कोथरूड आवडलं असेल तर जरूर घ्या, पण ह्या कारणासाठी घेऊ नका. आमच्या सोसायटीची खजिनदारकी बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे आणि दर एजीएमला (वार्षिक सभेला) कोणीतरी उठून "मेंटेनन्स कमी करा" म्हणतंच, त्यामुळे जरा जास्तच लिहिलं जाणार आहे, सांभाळून घ्या.

आधी २,२०० चं बघू. मालकाकडून शेवटचं बिल मागा, व्हॉट्सॲपवर फोटो आला तरी चालेल. धड बिल असेल तर त्यात ओळी वेगवेगळ्या असतात, सर्व्हिस चार्जेस, पाणी, लिफ्ट, पार्किंग, रिपेअर फंड, सिंकिंग फंड. नुसतंच "मेंटेनन्स २,२००" अशी एक ओळ असेल तर तिथेच कान टवकारायचे. आणि हो, पुण्यात प्रॉपर्टी टॅक्स ज्याचा तो भरतो, मुंबईत बऱ्याच ठिकाणी तो सोसायटीच्या बिलातून जातो, त्यामुळे मुलुंडच्या मावसभावाचं बिल शेजारी ठेवून तुलना केलीत तर काहीच कळणार नाही.

खरी गोम त्या शेवटच्या दोन फंडात आहे, रिपेअर फंड दुरुस्त्यांसाठी आणि सिंकिंग फंड पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांची नमुना नियमावली) सिंकिंग फंड वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि रिपेअर फंड किमान ०.७५ टक्के, जमिनीची किंमत न धरता. समजा २००४ ला तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च ८ लाख होता, तर वर्षाला २,००० आणि ६,०००, म्हणजे दोन्ही मिळून महिन्याला ६६७. ते २,२०० मधून काढले की उरले १,५३३, गुणिले २४ म्हणजे साडेछत्तीस हजारांच्या वर थोडेसे. आता त्यात दोन पाळ्यांचे वॉचमन, जिने झाडणाऱ्या मावशी, कॉमन लाईट, पाण्याचा पंप, लिफ्टची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) हे सगळं बसवून दाखवा, माझ्याच्याने तरी बसत नाही. म्हणजे एकतर वॉचमन एकच आहे, नाहीतर फंड जमाच होत नाहीये, आणि बहुतेक वेळा ह्यातलं दुसरं कारणच असतं.

बरं जमा होतोय असं धरलं तरी मेख अशी की ते ८ लाख २००४ च्या भावाचे आहेत. फंड जमणार तेव्हाच्या भावाने आणि बाहेरचं प्लॅस्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आजच्या भावाने. २४ फ्लॅटचा वीस वर्षांचा सिंकिंग फंड, कोणी एक पैसा बुडवला नाही असं धरूनसुद्धा, मुद्दल होतं ९ लाख ६० हजार. वर व्याज धरा. त्यातला बराचसा एका नव्या लिफ्टमध्येच जातो. उपविधीत "किमान" लिहिलंय, जनरल बॉडी (सभासदांची सभा) ठराव करून जास्त घेऊ शकते, पण मीटिंगमध्ये तो विषय काढणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मला विचारा. मग काय होतं, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली की "प्रत्येकी ६० हजार, तीन हप्त्यात" अशी नोटीस लागते, आणि ती नेमकी तुम्ही राहायला आल्यावर लागते, कारण विकणारा ते ओळखूनच विकत असतो. सगळेच नाही म्हणत मी, पण असतात.

कोथरूडला अजून एक गंमत आहे. "रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे, कशाला खर्च करायचा" असं म्हणत सोसायट्या वर्षानुवर्षं हातच लावत नाहीत बिल्डिंगला, इकडे बिल्डरांची प्रेझेंटेशनं चालू आणि तिकडे पार्किंगच्या बीमचं प्लॅस्टर पडून गज दिसायला लागलेले. १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) दर ५ वर्षांनी करायचं असतं आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. झालंय का विचारा, रिपोर्ट दाखवा म्हणा. "झालंय हो" हे उत्तर चालत नाही.

आता बॅलन्सशीट. तुम्ही अजून सभासद नसल्यामुळे सोसायटी तुम्हाला थेट देईलच असं नाही, पण विकणारा सभासद आहे, त्याला एजीएमच्या वेळी अहवाल मिळालेला असतो, त्याच्याकडून मागच्या तीन वर्षांचे घ्या. त्यात दोनच गोष्टी बघा, बाकी सोडा. देण्यांच्या बाजूला सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड म्हणून जो आकडा आहे, साधारण तेवढ्याच एफडी मालमत्तेच्या बाजूला दिसतायत का? इकडे फंड ९ लाख आणि तिकडे एफडी २ लाख असेल तर उरलेले ७ लाख रोजच्या खर्चात गेलेत, म्हणजे कागदावर फंड आहे पण बँकेत पैसे नाहीत, आणि कमी मेंटेनन्सचं रहस्य बरेचदा हेच असतं. दुसरं, "सभासदांकडून येणे" किती आहे. २४ फ्लॅटच्या सोसायटीत चारजण बुडवे निघाले तर बाकीच्या वीसजणांवर भार येतो. थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते, वसुली दाखलासुद्धा काढता येतो, पण शेजाऱ्यावर कारवाई करायला कमिटीला जीभ उचलत नाही हो.

वाकडकडे वळू. ६,८०० जास्त वाटतात, पण तिथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला पाण्याचा. वाकड ज्या हद्दीत येतं त्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड केलं, वरची गरज टँकरवर. ऑफिसात विचारलंत तर "उन्हाळ्यात थोडे लागतात" एवढंच सांगतील. त्यापेक्षा गेटवरच्या वॉचमनकडे टँकरच्या नोंदीची वही असते, तारीख, गाडी नंबर, वेळ, सही, ती बघा, एप्रिल-मे ची पानं उलटा. दहा हजार लिटरचे रोज किती येतात ते पाच मिनिटांत कळतं. आणि हा खर्च ६,८०० मध्ये धरलाय की वेगळा लावतात तेही विचारा, काही ठिकाणी उन्हाळ्यात वेगळा आकार येतो.

दुसरा जीएसटीचा, आणि हा फार लोकांना माहीत नसतो. दर महिन्याची वर्गणी सरकारी टॅक्स वगळून ७,५०० च्या वर गेली आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असली की १८ टक्के जीएसटी. तीनशे फ्लॅट म्हणजे २० लाखांचा प्रश्नच नाही, ते केव्हाच ओलांडलेले असतात. आणि २०१९ च्या सर्क्युलरप्रमाणे जीएसटी फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण रकमेवर. म्हणजे ७,५०० ला शून्य, आणि ७,६०० झाले की १,३६८ रुपये टॅक्स, हातात बिल येणार ८,९६८ चं. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये फक्त वरच्या रकमेवर घ्या असं म्हटलंय, पण तुमच्या सोसायटीचा सीए काय धरून चालतो त्यावर तुमचं बिल ठरतं. तुम्ही आत्ता ६,८०० वर आहात, एक-दोन वाढीत ती रेघ आलीच समजा.

तिसरा, ती सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि लोक बोलताना सगळ्यालाच सोसायटी म्हणतात. सहकारी सोसायटी असेल तर सर्व्हिस चार्जेस आणि लिफ्ट सगळ्यांना सारखं (तळमजल्यावाल्यालासुद्धा, तो भांडतो तरीही), पाणी नळांच्या संख्येवर. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं कंडोमिनियम असेल तर खर्च अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या तुमच्या वाट्याच्या) टक्केवारीने, म्हणजे मोठा फ्लॅट त्याला जास्त. पुण्यातल्याच एका कॉम्प्लेक्सच्या केसमध्ये २०२५ ला मुंबई हायकोर्टानेही हेच धरलं. तिथे थ्री आणि फोर बीएचके बरेच असतील तर टू बीएचकेवाल्या तुम्हाला अपार्टमेंट फायद्याचं. तुमच्या फ्लॅटची टक्केवारी डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (अपार्टमेंटच्या नोंदणीकृत घोषणापत्रात) लिहिलेली असते.

पुढेमागे भाड्याने द्यायचा विचार असेल तर सोसायटीत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतात, पूर्ण बिलाच्या नाही, आणि आईवडील, मुलं, भाऊ-बहीण राहणार असतील तर लावताच येत नाहीत. फ्लॅट नवीन नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर "बिल्डिंग फंडाला ऐच्छिक" म्हणून कोणी लाखभर मागितले तर लेखी मागा म्हणावं, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला) मात्र व्यवहाराच्या आधी हातात घ्या, थकबाकी असेल तर मालकाला द्यायच्या पैशातून वळती करा.

माझं मत विचाराल तर कोथरूडचे फंड आणि एफडी जुळत असतील तर डोळे झाकून कोथरूड, मनपाचं पाणी आणि जागा ह्याला तोड नाही. जुळत नसतील तर एक-दीड लाख अशा अचानक लागणाऱ्या नोटिसांसाठी बाजूला ठेवायचे आणि तेवढे किमतीत पाडून मागायचे, मालकाला ते का मागताय हे बरोबर कळतं. वाकडची टँकरची वही आधी बघून या. दोन्हीकडचं बिल आणि बॅलन्सशीट मिळाली की नावं आणि फ्लॅट नंबर झाकून इथे टाका, रविवारी निवांत बघून सांगतो.