काटकसर करतात, कंजूष असतात

नुकती नोकरी लागलेली, नाशिकला कॉलेज रोडवर पीजीमध्ये राहणारी एक मुलगी विचारतेय की आई फोनवर कौतुकाने "काटकसरी आहे गं माझी पोर" म्हणते आणि रूममेट त्याच वागण्याला चिंगूस म्हणतात, तर दोन्हीचा अर्थ एकच का? आणि काटकसरमधली कसर म्हणजे पुस्तकांना लागते तीच का?

आधी कसर घेऊ. पुस्तकाला नाहीतर जुन्या साडीला लागते ती कसर म्हणजे किडा, ती इथे धरायची नाही. ही कसर अरबी 'कस्र' वरून फारसीमार्गे आलेली, मूळ अर्थ तोडणं, तुकडा, अपूर्णांक आणि त्यावरून उणीव. "पाहुणचारात काही कसर ठेवली नाही" किंवा "झोपेची कसर रविवारी भरून काढली" म्हणतो त्यात हीच आहे. काट म्हणजे वजावट, कपात. म्हणजे बघा, दोन्ही तुकड्यांत कमी करणंच आहे, एरवी कसर राहिली तर आपण नाक मुरडतो, पण जोडून जो शब्द झाला तो मात्र चांगल्या अर्थाचा झाला, मला हे फार सुंदर वाटतं.

आता खरा फरक, तो शब्दकोशापेक्षा वाक्यात जास्त कळतो. काटकसर आपण 'करतो', कंजूष माणूस 'असतो'. काटकसरीला लगेच प्रश्न येतो, कशात केली, कशासाठी केली, किती दिवस करायची. कंजूष, चिक्कू, चिंगूस, कवडीचुंबक यांना असलं काही विचारता येत नाही, तो सरळ स्वभावावर मारलेला शिक्का. आणि "सध्या मी काटकसर करतोय" असं कुणीही म्हणेल पण "सध्या मी चिक्कू आहे" असं कुणी मनापासून म्हणताना मी तरी ऐकलं नाही, तो शब्द कायम दुसऱ्याच्या तोंडून येतो.

वयाप्रमाणे हे शब्द कसे फिरतात ते मी माझ्यावरच बघितलंय. आमचं घर पंचवटीत, आई गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मुद्दाम दिवेलागणीला जायची कारण तेव्हा भाव उतरतात, आणि मी सतरा-अठराचा, पिशवी धरून चार पावलं लांब उभा राहायचो, कुणी मित्राने बघू नये म्हणून. तेव्हा माझ्या लेखी तो सरळ कंजूषपणा होता. त्या वयात "परवडत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही, आपण "मूड नाही" म्हणतो. मग अंबडला नोकरी लागली, पहिले वर्षभर पगार नुसता उडवला, हप्त्यावर फोन, हप्त्यावर बूट, आणि आई म्हणायची उधळू नको रे. उधळणे हा शब्दही बघण्यासारखा आहे, भंडारा उधळतात तो आनंदाने आणि घोडा उधळतो तो आवरत नाही म्हणून, पैशाच्या उधळण्यात मला दोन्ही दिसतात. सव्विसाव्या वर्षी घराचं डिपॉझिट एकट्याने भरायची वेळ आली तेव्हा मीच सहज "आपल्या बजेटमध्ये नाही" म्हणायला लागलो आणि त्याची लाज वाटेनाशी झाली.

आई स्वतः मात्र काटकसर हा शब्द क्वचितच वापरायची. तिचा शब्द 'पुरवून'. पुरवून वापर, पुरवून पुरवून खा. तुपाचं भांडं रिकामं झालं की ती त्यात कणकेचा गोळा फिरवायची, कडेकडेने, अगदी तळाच्या खाचेत बोट घालून, आणि त्या कणकेची पहिली पोळी आम्हा भावंडांना. दुधाचे खाडे कॅलेंडरवर पेन्सिलीने. पण पाहुणा जेवायला बसला की त्याच्या वरणभातावर तूप चमच्याने नाही, वाटी कलती करून वाढायची. हे आठवलं की मला दोन शब्दांमधली रेघ स्पष्ट दिसते: काट स्वतःच्या वाट्याला लावली तर ती काटकसर, दुसऱ्याच्या ताटातलं कमी केलं तर तो चिक्कूपणा.

'कृपण' हाही यातलाच, आज आपण तो कंजूष याच अर्थी वापरतो पण संस्कृतात त्याचा आधीचा अर्थ दीन, कीव यावी असा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 49 व्या श्लोकात "कृपणाः फलहेतवः" आहे तिथे पैशाचा विषयच नाही, फळावर डोळा ठेवून कर्म करणारे बिचारे, असा अर्थ आहे. म्हणजे पैसा असून खर्चायला हात होत नाही त्याची जुन्या लोकांना चीड नाही, दया येत असावी, असं मला वाटतं.

तर ताई, तुम्ही लिहिलंय की रिक्षाऐवजी सिटीलिंकच्या बसने जाता, डबा घेऊन जाता, पण खोलीच्या गॅसचा आणि वायफायचा वाटा 1 तारखेलाच देता आणि बहिणीची फी भरता. मग आईचा शब्द बरोबर आहे. काटकसर स्त्रीलिंगी, एकत्रच लिहायचा, आणि रूममेटना सांगताना "मी काटकसरी आहे" पेक्षा "बहिणीच्या फीसाठी काटकसर करतेय" असं पूर्ण वाक्य सांगा, त्या शब्दाला 'कशासाठी' जोडलेलं असलं की तो चिंगूसच्या जवळपासही जात नाही.