बीम कुठून गेला, ते आधी सांग

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घाटातल्या पर्जन्यमापकात 200 मिलिमीटर, रडारच्या हिशेबात 80. आणि तू विचारतेस, रडारच्या प्रतिध्वनीवरून पाऊस काढणाऱ्या मार्शल-पामरच्या सूत्रातल्या 200 आणि 1.6 पैकी कोणता आकडा हलवला की दोन्ही जुळतील.

कोणताच हलवू नकोस. त्या पर्जन्यमापकावरून बीम, म्हणजे रडारने सोडलेला लहरींचा झोत, किती उंचीवरून गेला, ते आधी सांग.

चिडलोय, कारण हे गणित तुला येतं आणि तू ते केलंच नाहीस. क्षितिजाच्या अर्धा अंश वर सोडलेला बीम 120 किलोमीटरवर पोचेपर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर वर चढलेला असतो, आणि एक अंश रुंदीचा असेल तर तेवढाच फुगलेलाही. सह्याद्रीतले पावसाळी ढग पुष्कळदा बुटके. थेंब भरतात ते खाली, कड्याला टेकलेल्या ढगात. तिथे रडार बघतच नाही. मध्ये डोंगर आडवा आला तर उरलंसुरलंही गेलं. न बघितलेल्या पावसाला कुठला गुणांक लावणार आहेस?

थेंबांच्या आकाराचा घोळ असतोच, तो मी नाकारत नाही. तीन मिलिमीटरच्या थेंबात एक मिलिमीटरच्या थेंबाच्या 27पट पाणी, पण रिफ्लेक्टिव्हिटी, म्हणजे रडारकडे परतणाऱ्या प्रतिध्वनीची ताकद, 729पट. त्यासाठी सूत्र जरूर बदल. पण उंची काढल्यावर.

मी उलटं केलं होतं. घाटातल्या एका केंद्राच्या सलग चार दिवसांच्या नोंदी मी ‘संशयास्पद’ म्हणून गाळल्या, कारण माझ्या रडारच्या पडद्यावर तिथे फिकट हिरव्यापलीकडे, म्हणजे हलक्या पावसापलीकडे, काही नव्हतं आणि शेजारची केंद्रं कोरडी होती. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरही नव्हता, हे मला तोंडपाठ होतं, तरीही. पुढच्या वर्षी त्या केंद्रावर गेलो. निरीक्षकाने प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली. त्या तारखांसमोर बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘रात्री 2 वाजता बाटली भरली. मोजून ओतली.’ माणूस भर पावसात कंदील घेऊन उठला होता, आणि मी त्याला खोटं ठरवलं होतं. तेव्हा कामाची घाई होती, वरून तगादा होता, हे खरंच आहे. पण उंची काढायला कागद-पेन्सिल पुरली असती.

तेव्हापासून बीमची उंची लिहिलेली नसेल तर मी नकाशावर सही करत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

वेगाच्या नकाशालाही हेच विचार. डॉप्लर रडारला फक्त त्याच्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वेग कळतो; वारा बीमला आडवा असेल तर त्याला वेग शून्य दिसतो, आणि न हलणारा डोंगराचा प्रतिध्वनी पुसणारा फिल्टर खरा पाऊसही पुसून टाकतो. बीम कुठे, कोणत्या दिशेला, किती वर?

तुझ्या तक्त्यात प्रत्येक केंद्रापुढे उंचीचा एक रकाना घाल. भरून झाला की पाठव, मी रात्री उशिरापर्यंत जागाच असतो. आणि जुलैत त्या पर्जन्यमापकापाशी एक रात्र काढ. रेनकोट ने, तिथे छत्री टिकत नाही.

तुझा,
सर