वर्षश्राद्धाला आजोबांचे विनोदी किस्से सांगितले तर चालतील का?

सांगा. बिनधास्त सांगा.

तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा सगळ्या गावाला हसवायचे, वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी घरच्यांनी स्मरणाचा छोटा कार्यक्रम ठेवलाय, बोलायचं काम तुमच्याकडे आलंय, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की किस्से नकोत, चार चांगले शब्द बोल. शिवाय फोटो कोणता लावावा, पुस्तिका काढावी का, कार्यक्रम किती वेळ चालावा, हेही विचारलंय. त्याकडे शेवटी येते. मला बोलायचंय ते त्या 'चार चांगल्या शब्दां'बद्दल, कारण अगदी हेच वाक्य माझ्या मोठ्या काकांनी मला ऐकवलं होतं आणि त्यावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आजो म्हणायचो, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात दुकानदार होते. उकडे तांदूळ, गूळ, खोबरेल, रॉकेल, बिड्या, आणि मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, लागणारं मीठ नि सुक्या मिरच्या. दुकान एका खोलीचं, पण बाहेरचं बाकडं कधी रिकामं नसायचं. त्यावर बसणाऱ्या निम्म्या लोकांना काही घ्यायचं नसायचं. ते आजोंचं बोलणं ऐकायला यायचे. (आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचन-लेखन मराठी. दुकानातली वाक्यं मूळची कोंकणीतली, इथे मराठीत लिहितेय.)

विनोद करताना आजो स्वतः कधी हसले नाहीत. लहानपणी मी गल्ल्यामागे पोत्यावर बसून हे बघायचे. गिऱ्हाईक काहीतरी बोलत असायचं, आजो नुसता हुंकार द्यायचे. तराजू उचलायचे, वजन टाकायचे, पारडं वरखाली व्हायचं आणि सगळ्यांचे डोळे त्या पारड्यावर जायचे. ते थांबलं की आजो एकच वाक्य बोलायचे आणि पुडी बांधायला घ्यायचे. बाकड्यावरचे लोक हसून बेजार, आणि हे शांतपणे सुतळी तोडतायत. मोठी झाल्यावर एकदा मी विचारलं, तुम्ही नेमके तेव्हाच का बोलायचात? म्हणाले, "लोक पारड्याकडे बघत असले की त्यांचे कान मोकळे असतात." त्या माणसाने यावर विचार केला होता. विनोद हे त्यांचं कसब होतं, आणि 'स्वभाव मजेशीर होता' एवढ्यावर ते संपवणं मला मान्य नाही.

त्यांचं सर्वात गाजलेलं वाक्य उधारीचं. १९५९ मध्ये पोर्तुगिजांनी गोव्यात जुना रुपया काढून एस्कुद आणले, एका रुपयाला सहा एस्कुद. त्या काळात गावातल्या एका गृहस्थाने आजोंकडून बराच माल उधारीवर नेला. मग १९६१चा डिसेंबर आला, भारतीय सैन्य आलं, छत्तीस तासांत गोवा मुक्त झाला. भारतीय रुपये चालू झाले, उधारी मात्र वहीत एस्कुदांतच राहिली. काही वर्षांनी तोच गृहस्थ साखर घ्यायला आला आणि पुन्हा म्हणाला, मांडून ठेव. आजोंनी पारडं थांबू दिलं आणि म्हणाले, "साडेचारशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य छत्तीस तासांत हललं रे बाबा, तुझी उधारी काही हलत नाही." तो गृहस्थ हसत हसत बाकड्यावर बसला. पैसे त्याने दिले नाहीतच. त्या रात्री आजोंनी वहीतलं त्याचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'येणे बाकी : सालाझार', म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा. ती वही आता माझ्याकडे आहे. पुढे त्या गृहस्थाच्या मुलांकडे आजोंनी एका पैशाचा विषय काढला नाही.

आता काल्याकडे येते, कारण भांडण तिथून सुरू होतं.

आमच्या देवळात जत्रेच्या शेवटी काला होतो, म्हणजे पुराणातल्या गोष्टीचा नाट्यखेळ. त्यात संकासुर येतो, ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा दैत्य. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण मरेपर्यंत त्याला काहीही बोलायची मुभा असते. आमच्या गावात बरीच वर्षं ही भूमिका आजोंची. काळा पोशाख चढवला की समोर भाटकार म्हणजे जमीनदार असो, देवस्थानचे महाजन असोत, कोणाचीही गय नाही. एका वर्षी हरदासाने नेहमीप्रमाणे विचारलं, "अरे दैत्या, वेद चोरून तुला काय मिळालं?" संकासुर म्हणाला, "चोरले कसले? रद्दीच्या भावाने घेतले. गावात वाचणारा एक नाही, म्हटलं निदान पुड्या बांधायला होतील." पुढच्या रांगेत महाजन बसलेले. सगळ्या गावाला ठाऊक की हा दिवसभर दुकानात वर्तमानपत्राच्या पुड्या बांधणारा माणूस. सगळ्यात आधी हसले ते भटजी. मी तेव्हा जन्मले नव्हते. बाबांनी, आजीने आणि मृदंग वाजवणाऱ्या मास्तरांनी मला हे वेगवेगळ्या वेळी सांगितलं. बाकीचा तपशील प्रत्येकाचा निराळा, हे वाक्य मात्र तिघांच्याही तोंडी शब्दशः तेच. विनोद असा टिकतो.

त्या रात्री मोठे काका पणजीहून कॉलेजचे मित्र घेऊन आले होते. मित्रांनी नंतर त्यांना 'संकासुराचा मुलगा' म्हणून चिडवलं. त्यानंतर काका बरीच वर्षं काल्याला आले नाहीत. विशीतल्या मुलाला ते लागलं असेल, हे मी समजू शकते. पण काका आता स्वतः आजोबा आहेत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. तरी त्यांना वडील हवेत ते भिंतीवरच्या तसबिरीतले, कोट घातलेले.

आजो गेले ते श्रावणात. त्याआधी डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं. आजो डॉक्टरांना म्हणाले, "बरं झालं. आता कोणाच्याच मिठाला जागायची जबाबदारी नाही." डॉक्टर औषधं लिहिता लिहिता थांबले होते. मी तिथेच होते.

वर्तमानपत्रातली निधनवार्ता काकांनी लिहिली. मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख आणि धार्मिक वृत्तीचे. गोव्यातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, निधन आणि पुण्यस्मरणाच्या चौकटी पानपानभर असतात. त्यातली नावं नि फोटो झाकून बघा, कोणाचे आजोबा कोणाचे हे घरच्यांनाही ओळखता येणार नाही. आणि हसतमुख? पारड्यामागे उभं राहून जो माणूस उभ्या जन्मात स्वतःच्या विनोदावर हसला नाही, तो हसतमुख? ज्याने ही बातमी वाचली त्याला आजो कळलेच नाहीत.

मग आमच्या नाट्यमंडळाने देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, शोकसभा ठेवली. घरातर्फे मी बोलायचं ठरलं. काकांनी मला बाजूला घेतलं. "चार चांगले शब्द बोल आणि बस. किस्से नकोत. राख सावडून महिना झाला नाही आणि नात लोकांना हसवतेय, असं म्हणतील." मी आजीकडे गेले. आजी म्हणाली, "तो गप्प बसून कोणाला आवडला होता?" मग मी किस्सेच सांगितले.

माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी मनमिळाऊपणा आणि परोपकार यांवरच काम भागवलं होतं. मी एस्कुदांचं सांगितलं तेव्हा सभा अवघडून बसली, हसावं की नाही हे कोणाला कळेना. वेदांच्या किश्शाला हात घातला आणि मास्तर खुर्चीतून उठले. म्हातारा माणूस, पण हरदासाचा प्रश्न त्यांनी खड्या आवाजात, काल्यातल्यासारखा टाकला. उत्तर मी द्यायच्या आत मागच्या रांगांतून आलं, "पुड्या बांधायला होतील!" अख्खी अग्रशाळा हसली. आजी हसली. काका उठून ओसरीवर गेले.

खरं पुढचं आहे. सभा संपली तरी लोक हलेनात. प्रत्येकाकडे एक किस्सा. आणि त्यात एका बाईंनी मला असं काही सांगितलं जे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घरी दिवस वाईट होते तेव्हा त्या संध्याकाळी तांदूळ घ्यायला यायच्या, उधारीवर, आणि बाकड्यावर गाव बसलेलं. त्या दाराशी दिसल्या की आजो बाकड्याकडे तोंड करून मोठ्याने गोष्ट सुरू करायचे. सगळ्यांचे डोळे आजोंवर, आणि तेवढ्यात मागच्या हाताने तांदळाची पिशवी बाईंच्या हातात. एकदाही कोणाच्या लक्षात आलं नाही. ते पारड्याचंच कसब होतं. लोकांचे डोळे कुठे न्यायचे हे त्यांना माहीत होतं.

आता मला सांगा, 'परोपकारी' हा काकांचा शब्द खोटा होता का? अजिबात नाही. पण त्या एका शब्दाने ती बाई दिसली नसती, तांदूळ दिसले नसते. किस्से उघडले म्हणून हे बाहेर आलं. चार चांगल्या शब्दांनी सभा पाऊण तासात संपली असती आणि लोक चहा पिऊन घरी गेले असते. जे म्हणतात की विनोदाने गेलेल्या माणसाचं मोठेपण कमी होतं, त्यांनी तो माणूस कधी नीट पाहिलेलाच नसतो. हे मी काकांना तोंडावर सांगितलंय.

तर तुम्ही हे करा. 'माझे आजोबा फार विनोदी होते' हे वाक्य भाषणात कुठेही घालू नका. एखादा किस्सा घ्या आणि आजोबा तेव्हा काय करत होते, समोर कोण होतं, हातात काय होतं, हे आधी सांगा. मग त्यांचं वाक्य जसंच्या तसं बोला, शिवी असली तरी शिवीसकट. घरच्या बोलीतलं असेल तर त्याच बोलीत, व्यासपीठावर उभे आहात म्हणून शुद्ध करायला जाऊ नका. वाक्य झालं की थांबा, अर्थ समजावू नका. आणि त्यांच्या वयाचे जे दोस्त हयात असतील त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, फोनवर आवाज रेकॉर्ड करून घ्या. आमचे मृदंगवाले मास्तर त्या सभेनंतर पुढची जत्रा बघायला राहिले नाहीत.

एवढं ठासून सांगितल्यावर काही पथ्यंही सांगायला हवीत. जिवंत माणसाला बोचेल असा किस्सा नको. एस्कुदांचं सांगताना मी त्या गृहस्थाचं नाव घेतलं नव्हतं, त्यांची मुलं समोर बसली होती. तुमची आजी असेल तर तिला आधी ऐकवा. ती नको म्हणाली तर तो किस्सा गाळा, तिथे माझी सगळी मतं बाजूला ठेवा. विधी चालू असताना नको, संध्याकाळीच. आणि सगळ्यांचे आजोबा माझ्या आजोंसारखे नसतात हेही मला कळतं. कोणाच्या जातीवर, रंगावर, व्यंगावर हसवणारं काही असेल तर ते पुढे नेऊ नका, आजोबा कितीही लाडके असले तरी.

फोटोचं म्हणाल तर स्टुडिओतला नको, कामात असतानाचा शोधा. आमच्याकडे दुकानातला एकच होता, तोही अर्धा खांबाआड. मी तोच लावला. पुस्तिकेबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. वेळ लोकांवर सोडा.

वर्तमानपत्रातल्या चौकटीचा मजकूर मात्र तुम्ही स्वतः लिहा, दुसऱ्या कोणाकडे जाऊ देऊ नका. आमच्याकडे दरवर्षी पुण्यस्मरणाला काकांचं तेच मनमिळाऊ-हसतमुख छापून येतं. यंदाचा मजकूर मी लिहिलाय आणि बाबांनी, आत्याने त्याला होकार दिलाय. नाव, तारीख, खाली दोनच ओळी : 'किराणा दुकानदार. काल्यातील संकासुर.' काकांनाही पाठवलाय. चौकट केवढी घ्यायची, फोटो कुठला, ते त्यांनी ठरवावं. त्या दोन ओळी तशाच राहतील.