‘रोज किती मेसेज चालतील?’

प्रश्न : ताई, मी हातानं दागिने घडवते आणि इन्स्टाग्रामवर विकते. नवी कानातली तयार झाली तेव्हा आधी माझ्या फॉलोअर्सना आणि मग अशीच दागिन्यांची पानं फॉलो करणाऱ्या इतरांना एकेक करून मेसेज पाठवायला बसले. थोड्या वेळानं सूचना आली की हे तुम्हाला तूर्त करता येणार नाही, आणि मेसेज जायचेच थांबले. दिवसाला नेमके किती डीएम, म्हणजे खासगी मेसेज, चालतात? आकडा कळला तर मी त्याच्या आत राहीन.

उत्तर : आकडा सगळ्यांनाच हवा असतो. पण व्यवसायांनी हातानं पाठवायच्या मेसेजसाठी इन्स्टाग्राम असा ठरीव आकडा जाहीर करत नाही. व्हिडिओत कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो त्याचा अंदाज समजा. तुम्ही मेसेजचा मजकूर सोबत पाठवलात हे बरं केलंत. ‘नमस्कार, आमचं नवीन कलेक्शन नक्की बघा’ आणि खाली लिंक. हाच मजकूर, याच लिंकसकट, पाठोपाठ, ओळखपाळख नसलेल्या लोकांना. स्पॅम पाठवणाराही नेमकं हेच करतो, मग यंत्रणेनं तुम्हाला वेगळं कसं ओळखावं?

इन्स्टाग्राम मोजतं ते वेगळंच : बोलायला सुरुवात कोणी केली. जो तुम्हाला फॉलो करत नाही, त्याला गेलेला मेसेज ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो. २०२३ पासून तर अशा माणसाला फक्त एकच मेसेज पाठवता येतो, तोही नुसता मजकूर. त्यानं होकार दिल्याशिवाय फोटो नाही, व्हिडिओ नाही, दुसरा मेसेजही नाही. म्हणजे कानातल्यांचे जे फोटो दाखवण्यासाठी तुमचा सगळा खटाटोप होता, ते त्या लोकांपर्यंत पोचणारच नव्हते.

उलट बाजूनं गेलात तर दार बरंच उघडं आहे. पोस्टखाली लिहा, ‘सगळे नमुने हवे असतील तर कमेंट करा.’ कमेंट करणाऱ्याला मेटाच्या (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) अधिकृत मेसेजिंग सोयीवर चालणाऱ्या साधनातून, म्हणजे ॲप किंवा सॉफ्टवेअरमधून, सात दिवसांच्या आत एक खासगी उत्तर पाठवता येतं. एकच, बरं का. त्यानं त्यावर काही लिहिलं की चोवीस तासांची मुदत सुरू होते आणि तेवढ्यात तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता, जाहिरातीचंही. त्याच्या प्रत्येक नव्या मेसेजला हे चोवीस तास नव्यानं मोजले जातात. ते उलटल्यावर साधनातून तुम्हाला आपणहून काही पाठवता येत नाही. अपवाद एक : खऱ्या माणसानं बसून उत्तर द्यायचं असेल तर सात दिवसांपर्यंतची सवलत मिळते. ती तक्रार-चौकशी निस्तरण्यासाठी आहे, त्यात सेलची जाहिरात घुसडू नका. ही चोवीस तासांची अट साधनांसाठी आहे. तुम्ही ॲपमध्ये स्वतः टाइप करून ग्राहकाला परवाच्या प्रश्नाचं उत्तर आज दिलंत, तर कोणी अडवत नाही.

सध्या काय करायचं? काही नाही. बंदी उठली का हे बघायला दर तासाला मेसेज पाठवून पाहू नका. आणि ‘फॉलोअर्सना आपोआप डीएम’ पाठवणाऱ्या एखाद्या ॲपला तुमचा पासवर्ड दिला असेल तर आजच बदला. अधिकृत साधन तुमच्याकडे इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागत नाही. ते तुम्हाला मेटाच्या पानावर नेऊन परवानगी घेतं.

प्रश्न : मी चित्रकलेचे वर्ग घेतो. व्हॉट्सॲप बिझनेसवर २५६ जणांची ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, पण नव्या बॅचचा निरोप निम्म्या लोकांना मिळतच नाही. एका कंपनीनं ‘एपीआय (सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची सोय) घ्या, मग मर्यादाच नाही’ असं सांगितलं. घ्यावं का?

उत्तर : आधी निम्म्यांचं बघू. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय. तुम्ही त्यांचा साठवून उपयोग नाही. पहिल्या चौकशीच्या उत्तरातच ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा’ असं लिहीत जा. तुमच्या अडचणीचा मोठा भाग या एका वाक्यानं सुटेल, आणि ते फुकट आहे.

आता ‘मर्यादाच नाही’बद्दल. हे अर्धसत्य आहे आणि अर्धं सांगून विकलं जातं. एपीआयवर नवा व्यवसाय साधारणपणे चोवीस तासांत २५० वेगवेगळ्या लोकांशी आपणहून बोलणं सुरू करू शकतो. पडताळणी झाली, मेसेजचा दर्जा टिकला, की पायऱ्या चढत एक लाखापर्यंत आणि त्याही पुढे जाता येतं. पण आपणहून पाठवायचा प्रत्येक मेसेज व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटमधूनच, म्हणजे ठरलेल्या साच्यातूनच, जातो, प्रचाराच्या टेम्प्लेटचे पैसे पडतात, आणि घेणाऱ्यानं ‘मला मेसेज पाठवा’ अशी संमती दिलेली असावी लागते. लोक ब्लॉक करू लागले की दर्जा हिरव्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून लालवर घसरतो.

आणखी एक गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. एका माणसाला सगळ्या व्यवसायांकडून मिळून किती प्रचाराचे मेसेज जावेत, यावरही व्हॉट्सॲप लगाम ठेवतं. तुमचा कोटा शिल्लक असेल, टेम्प्लेट मंजूर असेल, तरी त्या माणसाचं ताट इतरांनी आधीच भरलं असेल तर तुमचा मेसेज पोचत नाही. वर्गाचे विद्यार्थी एका लिस्टमध्ये मावत असतील, तर मी एपीआय घेतलं नसतं. नाही मावले, तर दुसरी लिस्ट करता येतेच.

प्रश्न : लिंक्डइन, एक्स आणि टेलिग्रामवर काय नियम आहेत? थोडक्यात सांगा.

उत्तर : थोडक्यातच. लिंक्डइनवर कंपनीचं पान आपणहून कोणाला मेसेज करू शकत नाही, समोरच्यानं आधी लिहावं लागतं. तुम्ही स्वतःच्या नावानं ओळख नसलेल्याला लिहायचं तर इनमेल, म्हणजे लिंक्डइनची पैसे देऊन मिळणारी मेसेजची सोय, लागतं. त्याची क्रेडिट मोजकी असतात, पण ९० दिवसांत उत्तर आलं तर खर्च झालेलं क्रेडिट परत मिळतं. त्यामुळे तिथं दहा नीट लिहिलेले मेसेज शंभर छापील मेसेजपेक्षा स्वस्त पडतात. एक्सनं मात्र आकडा उघड सांगितलाय : दिवसाला ५०० डीएम. पण पडताळणी नसलेल्या खात्यांवर त्याहून कडक बंधनं येतात, तेव्हा ५०० हे उद्दिष्ट मानू नका. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारं खातं, कोणालाही आधी हाक मारू शकत नाही, माणसानं ‘स्टार्ट’ दाबल्यावरच त्याला तोंड उघडता येतं. म्हणून बॉटची लिंक तुमच्या पानावर, पावतीवर, ईमेलच्या तळाशी, जिथं ग्राहक आधीच येतो तिथं ठेवा.