कबड्डीत दोन पंच असताना सरपंच (मुख्य पंच) कशाला, आणि शेवटचा शब्द कुणाचा?

तुमचा प्रश्न असा: सामन्यात एका पंचाने बोनस (चढाईतला जादा गुण) दिला, दुसऱ्याने नाकारला आणि सरपंचाने एकाच्या बाजूने कौल दिला. हे नियमात बसतं का?

बसतं. एरवी मैदानावरच्या पंचांचाच निर्णय अंतिम. पण त्या दोघांत मतभेद झाला, किंवा खेळाच्या हितासाठी मध्ये पडावंच लागलं, तर निर्णय सरपंचाचा. प्रेक्षक ओरडतायत म्हणून त्याने उठायचं नसतं.

मुळात मतभेद का होतो? दोन्ही पंच मध्यरेषेच्या दोन टोकांना समोरासमोर असतात. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यातला स्पर्श जवळजवळ 10 मीटरवरून बघायचा, तोही मध्ये चढाईपटूची पाठ असताना. म्हणून जो पंच जवळ आहे त्याला आधी विचारलेलं बरं.

बोनसवर भांडणं सर्वांत जास्त. पुरुषांत निदानरेषा (चढाईत निदान जिथवर जायचं ती रेषा) मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे 1 मीटरवर. समोर किमान सहा खेळाडू हवेत. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. चढाईपटू नेहमी पुढचा पाय दाखवून बोनस मागतो, आणि नवखा पंच तिथेच फसतो. बघायचा असतो मागचा पाय! त्याचा चवडा जमिनीवर घासत आला तर बोनस नाही. मातीच्या मैदानावर पाचदहा चढायांत फक्की पुसली जाते, मग रेषा डोळ्यांपेक्षा आठवणीतच जास्त उरते. मध्यंतरात फक्की पुन्हा मारून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

राखीव क्षेत्राचंही, म्हणजे मैदानाच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांचंही, तसंच. स्पर्श किंवा झटापट होण्याआधी तिथे पाय पडला की खेळाडू बाद. झटापट सुरू झाली की तोच पट्टा मैदानात धरतात. म्हणजे पंचाला ठरवावं लागतं ते एवढंच, की आधी काय झालं: स्पर्श की पाय?

दम, म्हणजे चढाईत सलग चाललेलं "कबड्डी कबड्डी", तर ऐकायचा असतो. ढिगाऱ्याखाली चढाईपटूचा दम तुटला आणि मग बोट मध्यरेषेला लागलं, तर तो बादच. मात्र बचावपटूने मुद्दाम तोंड दाबून दम तोडला असेल तर चढाईपटू नाबाद. शिट्टी घाईने वाजली की हे काहीच धड ठरवता येत नाही, आणि दोन्ही संघांना वाटतं आपलंच खरं.

राहिला बाद झालेल्यांचा क्रम. आधी जो बाद, तो आधी जिवंत, म्हणजे परत खेळात. ही नोंद सहाय्यक गुणलेखकाकडे असते, तेव्हा "आमचा कोण उठणार?" हे पंचाला न विचारता त्याच्या कागदावर बघा.