उद्घाटनानंतरची वर्गणी

बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्कॉटलंडच्या लोकांनी वर्गणी काढून एक जुनी आगबोट चालू ठेवली, मग पाचोऱ्याच्या लोकांना पीजेचा, म्हणजे पाचोरा-जामनेर या छोट्या रेल्वेगाडीचा, एक डबा का राखता येऊ नये, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. मामाच्या गावी, जामनेरला, मी त्याच गाडीनं जायचो. ५६ किलोमीटरचा रस्ता आणि अडीच फुटी रूळ. खिडकीतून हात काढला तर कपाशीला लागेल असं वाटायचं. २०२० साली कोरोनात ती थांबली आणि पुन्हा निघालीच नाही. तुझ्यासारखं कुणीतरी याबद्दल विचारेल याची मी वाटच बघत होतो.

पण तू ज्या 'वेव्हर्ली'चं लिहिलंस, तिची गोष्ट पुढेही वाच. १९७४ साली मालकांनी ती आगबोट एका पौंडाला देऊन टाकली आणि जुन्या आगबोटी जपणाऱ्या हौशी मंडळींनी ती घेतली, एवढंच सगळे सांगतात. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. १९४७ साली ती पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघाली तेव्हाचं वाफेचं इंजिन आजही तेच आहे, पण बॉयलर तीनदा बदलावे लागले: १९८१, २००० आणि २०२० साली. म्हणजे दर वीस वर्षांनी बोटीचं पोट उघडायचं. २०१९ चा अख्खा हंगाम ती धक्क्याला बांधून होती. मंडळींनी २३ लाख पौंडांसाठी हाक दिली, आपल्या पैशात त्या वेळचे वीस कोटींच्या वर. त्यातले १० लाख पौंड तिथल्या सरकारनं दिले. बॉयलर बाहेर काढायला धुराडीसुद्धा उतरवावी लागली. ऑगस्ट २०२० मध्ये ती पुन्हा पाण्यात फिरू लागली. शिवाय दरवर्षी तिला सुक्या गोदीत न्यावं लागतं, आणि त्या खर्चासाठी ते लोक दरवर्षी पुन्हा हात पसरतात. तुझ्या मनात ठसायला हवं ते हे शेवटचं.

मला हे उशिरा कळलं. आमच्या वाचनालयाच्या छपरासाठी आम्ही दारोदार फिरलो होतो. पैसे भरभरून आले. नवे पत्रे पडले, मांडव घातला, पाहुणे बोलावले, दगडी फलक बसवला. उरलेले पैसे जेवणावळीत गेले, आणि ते मी चिटणीस असताना, माझ्या सहीनं. तिसऱ्या पावसाळ्यात पन्हळ पाल्यानं तुंबली, पाणी भिंतीतून आत उतरलं आणि बांधून ठेवलेले दिवाळी अंक लगदा होऊन गेले. पन्हळ साफ करायला माणूस लावायचा तर शिलकीत पैसाच नव्हता. पुन्हा वर्गणीला निघालो तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मागे दिले ना भो, त्याचं काय झालं?" त्याचा आवाज शांत होता, पण मला मान वर करवेना. त्या अंकांची आठवण अजून जात नाही.

म्हणून तुला सांगतो, शंभर रुपये आले तर तीस आधी मुदत ठेवीत टाक आणि हे पावतीवरच छापून घे. लोक कुरकुर करतील, "आमचे पैसे बँकेत कशाला?" म्हणतील. त्यांना सांग की उन्हापावसात उभा राहिलेला लोखंडी डबा दर दोन-तीन वर्षांनी रंग मागतो आणि त्याचं छप्पर गळायला लागलं की आपल्याला आधी कळवत नाही.

आता त्याच्याही आधीचं. डबा तुझा नाही, पाचोऱ्याचाही नाही. तो रेल्वेचा आहे. भुसावळच्या विभागीय कार्यालयाचं लेखी उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही गोळा करू नकोस. वेव्हर्लीच्या लोकांनी एक पौंड का होईना, देऊन बोट स्वतःच्या नावावर करून घेतली, म्हणूनच पुढचं सगळं त्यांना करता आलं. तुला मालकी मिळणार नाही, पण डबा कुठे ठेवायचा, किती वर्षांसाठी आणि दुरुस्ती कुणी करायची हे कागदावर आलंच पाहिजे. इंजिनाचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. एक डबा नीट उभा राहिला तर इंजिनाबद्दल बोलायला तोंड राहील.

संस्थेची नोंदणी व्हायला वेळ लागेल. तोवर वर्गणी काढायचीच असेल तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी घे, गणेश मंडळं घेतात तशीच. पावती पुस्तकांना क्रमांक हवेत आणि प्रत्येक पुस्तक कुणाकडे आहे ते वहीत हवं. पुढे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता मिळाली तरी दोन हजारांवर रोख देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही, हे व्यापाऱ्यांना आधीच सांग. नंतर कळलं तर ते तुझ्यावर चिडतील.

कधी मागायचं हेही बघावं लागतं. श्रावणात शेतकऱ्याच्या खिशात काही नसतं, खतं-फवारणीत सगळं गेलेलं असतं. कापूस घराबाहेर पडला की जा. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जा. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. यातल्या कित्येकजणी त्याच गाडीनं शाळेत गेल्या असतील. त्यांना आधी पैसे मागू नकोस, आठवणी माग. वहीत लिहून घे, कुणाकडे जुनं तिकीट निघतं का बघ. पैसे त्या आपणहून देतील, आणि सासरच्या गावीही सांगतील.

भुसावळला वाफेच्या इंजिनांवर काम केलेली माणसं आता फार म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडे या महिन्यातच जा. ते वर्गणी देणार नाहीत कदाचित, पण कुठला बोल्ट का गंजतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही. दुरुस्तीही पडदा लावून करू नका. वेव्हर्लीवर प्रवाशांना चालतं इंजिन जवळून बघता येतं, दांडे हलताना दिसतात. आपलं काम बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. गंज खरवडताना बघितलेला माणूस दहा रुपये तरी देतोच.

एखादा मोठा माणूस सगळे पैसे एकट्यानं द्यायला पुढे येईल. घे, पण अर्ध्याहून जास्त घेऊ नकोस. सगळं एकाचं झालं की गावाला तो डबा आपला वाटत नाही, आणि पुढच्या रंगाच्या वेळी सगळे त्याच्याच दाराकडे बघतात.

विभागीय कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहून रविवारी घेऊन ये. दोन पानांपेक्षा मोठा नको. वर्षाला किती खर्च येईल त्याचा अंदाज तिसऱ्या पानावर जोड. मी चष्मा पुसून बसतो.

तुझा,
आप्पा